स्प्लेंडर इलेक्ट्रिक करताना १४-४२ चं सॉकेट तसंच ठेवावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या स्प्लेंडरचं इंजिन उतरवलं आणि त्या जागी ७२ व्होल्टची, ३ किलोवॉटची मोटर बसवली. मोटरच्या शाफ्टवर गाडीचंच १४ दात्यांचं पुढचं सॉकेट (स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक), मागे कंपनीचंच ४२. सपाटीला गाडी छान पळते. पण संध्याकाळी हडपसरहून सासवडला डबल सीट परतताना दिवे घाटात वेग मरतो, मोटरला हात लावता येत नाही, आणि एकदा कंट्रोलरने (बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा) अर्ध्या घाटात गाडी बंद पाडली. दुकानदार म्हणतो ५ किलोवॉटची मोटर घ्या. घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. मोटर पुरेशी आहे, रेशो चुकलाय. रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे किती फेरे.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या गाडीत करतो, मीही केली. डोळ्यांना दिसते ती चेन, म्हणून वाटतं की १४-४२ म्हणजेच गाडीचा रेशो. पण ४२ भागिले १४, म्हणजे ३, हा स्प्लेंडरचा फक्त शेवटचा टप्पा होता. त्याच्या आधी क्रँकवरून (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) क्लचच्या मोठ्या गिअरला एक रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करणारा टप्पा होता आणि त्यापुढे गिअरबॉक्सचा दुसरा. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे क्रँक तिसाच्या वर फेरे मारायचा, चौथ्यातसुद्धा दहाच्या आसपास. स्प्लेंडरचा गिअरबॉक्स इंजिनच्याच केसिंगमध्ये असतो, त्यामुळे इंजिनाबरोबर तोही भंगारात गेला आणि हातात उरले फक्त ३. (कास्ट आयर्नच्या जुन्या बुलेटचं बरं असतं. तिचा गिअरबॉक्स इंजिनच्या मागे वेगळा बसतो, त्यामुळे तो ठेवून पुढे मोटर लावता येते. तुमच्याकडे ती सोय नाही.)

आता हिशेब करू. त्यासाठी आधी एक मोजमाप लागेल. टायरवर खडूने रेघ मारा, रेघ जमिनीला टेकलेल्या जागी फरशीवरही खूण करा, गाडीवर माणूस बसवा आणि चाकाचा बरोबर एक फेरा होईपर्यंत गाडी ढकला. दोन खुणांमधलं अंतर टेपने घ्या. २.७५-१८ च्या टायरचा घेर कागदावर १.८७ मीटर निघतो. वजनाने टायर दबतो, म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. मी १.८५ धरतो. हवा कमी असली तर आणखी घटेल, तेव्हा आधी हवा भरून घ्या.

तुमच्या मोटरच्या प्लेटवर ३००० आरपीएम आहे, सलग चालेल असा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ९.५ न्यूटन-मीटर आणि पीक, म्हणजे जास्तीत जास्त, २५. रेशो ३ असताना ३००० आरपीएमला चाक १००० फेरे मारेल, म्हणजे ताशी १११ किलोमीटर. आता हा वेग तुमची मोटर कधी गाठणार आहे का? एकट्याने बसून सपाटीला ६५ चा वेग ठेवायचा तर हवा आणि टायर मिळून साधारण २.८ किलोवॉट खातात. पुढे वेग थोडा जरी वाढला तरी हवेचा विरोध वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. ३ किलोवॉटमध्ये ६५-६८ च्या पुढे गाडी जाणारच नाही. म्हणजे १११ साठी लावलेल्या रेशोतला जवळजवळ अर्धा भाग तुम्ही कधी वापरणारच नाही, आणि त्याची किंमत मात्र घाटात रोज मोजताय.

ती किंमत किती, ते पाहा. गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो धरू. चढ हिशेबासाठी ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर वर. चढाविरुद्ध २०४ न्यूटन, टायरचं घर्षण ५१ आणि ताशी ३५ ला हवेचा विरोध ३४, एकूण २८९ न्यूटन. टायरची त्रिज्या ०.२९४ मीटर, म्हणून चाकावर ८५ न्यूटन-मीटर टॉर्क हवा. रेशो ३ ने भागा आणि चेनमध्ये थोडं वाया जातं ते धरा, मोटरकडून २९ न्यूटन-मीटर मागितले जातात. मोटरचा पीकच २५ आहे आणि तोही काही सेकंदांपुरता. म्हणून गाडी ३५ ने चढत नाही. वेग घसरत घसरत २० वर येतो आणि मोटर पिकला चिकटून राहते.

आता खरी गंमत बघा. २० च्या वेगाला, रेशो ३ ला मोटर फिरते ५४० आरपीएमने. २५ न्यूटन-मीटर आणि ५४० आरपीएम म्हणजे १.४ किलोवॉट. ३ किलोवॉटची मोटर निम्मंसुद्धा काम करत नाहीये आणि तरी भाजून निघतेय. कारण टॉर्क करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तांब्याच्या तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ९.५ ऐवजी २५ म्हणजे करंट अडीचपटीच्या वर आणि उष्णता जवळजवळ सातपट. समजा नेहमीच्या टॉर्कला वाइंडिंगमध्ये (या तारेच्या वेटोळ्यांत) २०० वॅट जळत असतील, तर घाटात १४०० वॅट जळतात. जेवढं काम चाकाला, तेवढीच शेगडी पोटात. आणि फेरे कमी असल्यामुळे आतली हवाही धड हलत नाही.

तुम्ही लिहिलंय की मीटरवर बॅटरीचा करंट ४० अँपियरच दिसतो, मग मोटर का तापावी? तो मीटर बॅटरीकडून कंट्रोलरकडे जाणारा करंट दाखवतो. कंट्रोलर ते मोटर या तीन जाड वायरींमधला करंट कमी वेगात त्याच्या कितीतरी पट असतो, कारण तिथे व्होल्टेज कमी असतं. मोटर जाळतो तो हा करंट. हँडलवरचा आकडा बघून निश्चिंत राहू नका.

माझ्या पहिल्या गाडीला मी असंच केलं होतं आणि कात्रजच्या जुन्या घाटात चाचणीला नेली. बोगद्याच्या अलीकडे वार्निश जळल्याचा वास आला. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही, गोडसर, घशात बसणारा. थांबलो, थंड होऊ दिली, परत सुरू केली तर मोटर जागच्या जागी थरथरायला लागली. वाइंडिंग वाचलं होतं, पण आतला एक हॉल सेन्सर (रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारा) गेला होता. सेन्सर किरकोळ किमतीचा असतो, पण तो बदलायला मोटर उघडावी लागते, आणि चुंबकाच्या रोटरला बाहेर ओढताना बोटं सांभाळावी लागतात.

मग रेशो किती घ्यावा? दोन टोकं काढून बघू. सपाटीच्या ६५ साठी ३००० आरपीएमला ५.१ चा रेशो लागतो. घाटात डबल सीट ३५ ने चढताना मोटरवर फक्त सलग चालणारा टॉर्क यावा असं म्हटलं तर ९ च्या वर लागतो, आणि मग सपाटीला गाडी ३५ च्या जरा पुढे गेली की संपली. गिअरबॉक्स नाही, तेव्हा या दोघांच्या मध्ये कुठेतरी एकच आकडा निवडायचा. तुमचा रोजचा रस्ता पाहता मी ६ म्हणेन.

६ ला घाटात मोटरवर १५ न्यूटन-मीटर येतात. करंट दीडपटीच्या थोडा वर आणि उष्णता अडीचपट. तुमच्या घाटाला लागणारी आठ-दहा मिनिटं मोटर हे सहन करते, कारण तिचं लोखंडी अंग तापायलाच तेवढा वेळ घेतं. मुख्य म्हणजे आता ती १८९० आरपीएमने फिरतेय आणि पूर्ण ३ किलोवॉट चाकाला देतेय. तीच मोटर, तीच बॅटरी.

सपाटीला ३००० आरपीएमला ५५ मिळतील. हा आकडा ऐकून नाराज होऊ नका. ३००० आरपीएम हे ७२ व्होल्टचे आहेत. तुमची बॅटरी २० सेलच्या मालिकेची आहे, ती पूर्ण चार्ज असताना ८४ व्होल्ट देते, तेव्हा साधारण ३५०० आरपीएम, म्हणजे ६५ च्या आसपास. उतरत उतरत ती ६२ वर आली की मात्र ४८ वर थांबाल. ही गोष्ट घाटाच्या हिशेबातही धरा. सकाळी भरलेल्या बॅटरीने तुम्ही घाट उतरता आणि चढायची वेळ येते ती संध्याकाळी, बॅटरी अर्धी झालेली असताना. सासवडकरांचं हे उलटं आहे, उतार आधी नि चढ नंतर. म्हणून चाचणी सकाळी घेऊन समाधान मानू नका. दिवसभर गाडी वापरून संध्याकाळी, मागे माणूस बसवून घाट चढा.

आता ६ आणायचे कुठून? पहिला मोह असा की पुढे १२ आणि मागे लेझर कटिंगवाल्याकडून ७२ दात्यांची मोठी चकती. कागदावर सोपं वाटतं. ४२८ च्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची, त्यामुळे ७२ दात्यांच्या सॉकेटचा व्यास २९१ मिलिमीटर होतो. चाकात तेवढी चकती बसते, अडचण तिथे नाही. अडचण पुढे येते. १२ चं सॉकेट जेमतेम ४९ मिलिमीटरचं. म्हणजे स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा पाइपचा काटा) पायथ्याशी चेनची वरची आणि खालची बाजू इतकी जवळ येते की मध्ये तो पाइप मावत नाही. गाडी स्टँडवर असताना सगळं मोकळं दिसतं. शॉकअप दबले की चेन स्विंगआर्मला करवतीसारखी घासते. मी अशी एक गाडी पाहिली आहे, पाइपात अर्धा सेंटिमीटर खाच पडली होती आणि मालक म्हणत होता, "थोडा आवाज येतो एवढंच."

शिवाय लहान सॉकेट म्हणजे गोल चाक नव्हे, तो एक बहुकोन असतो. कडी कोपऱ्यावर असते तेव्हा चेन जरा पुढे ओढली जाते आणि सपाट बाजूवर असते तेव्हा जरा मागे राहते. १० दात्यांना हा वेगातला फरक जवळपास ५ टक्के असतो, १२ ला ३.४, १४ ला २.५, १७ ला १.७. पेट्रोल इंजिनच्या धडधडीत तो लपून जायचा. मोटरच्या गाडीत तो हँडलला बारीक कंपन आणि चेनची किणकिण होऊन कळतो. १४ च्या खाली मी पुढचं सॉकेट घेत नाही. अगदीच नाइलाज असेल तर १३.

तुमच्यासाठी दोन टप्प्यांचा मार्ग बरा. मोटरवर १४, मधल्या शाफ्टवर २८, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला १४, आणि मागे आहे तेच ४२. दुप्पट गुणिले तिप्पट, सहा. मागचं चाक, हब, कप रबर (हबमधले झटका झेलणारे रबर), चेन कव्हर, सगळं कंपनीचंच राहतं आणि चेन-सॉकेट किट कुठल्याही दुकानात मिळतं. रेशो पुढे-मागे करायचा झाला तर फक्त २८ च्या जागी दुसरं सॉकेट. २६ लावलंत तर ५.५७ आणि ३० लावलंत तर ६.४३. म्हणून टर्नरकडून २६, २८ आणि ३० अशी तिन्ही एकाच मापाच्या बोअरची (मधल्या भोकाची) करून घ्या. तीन चकत्यांचा खर्च एका जळलेल्या मोटरपुढे काहीच नाही.

मधला शाफ्ट कुठे बसवायचा हे नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. त्याच्यावरचं १४ चं सॉकेट बरोबर तिथेच यायला हवं, जिथे इंजिनचं सॉकेट होतं, स्विंगआर्मच्या बोल्टच्या जरा पुढे. ते पुढे सरकवलं की शॉकअप दबताना चेनचा ताण जास्त बदलतो, खड्ड्यात चेन ताणली जाते आणि उसळली की ढिली पडते. तुमचं इंजिन तर उतरलेलं आहे. मग दुसऱ्या कुणाची तरी स्प्लेंडर अर्धा तास मागून आणा आणि स्विंगआर्मच्या बोल्टपासून सॉकेटच्या मध्यापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर, तसंच फ्रेमच्या मध्यरेषेपासून सॉकेट किती बाहेर आहे ते मोजा. हे तिसरं माप विसरू नका. पुढचं आणि मागचं सॉकेट एका रेषेत नसेल तर चेन एका बाजूने खाते आणि दात्यांची एकच कड चकचकीत होते.

शाफ्ट ईएन-८ पोलादाचा, २० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना ६२०४ बेअरिंग. यावर मोटरचा टॉर्क दुप्पट होऊन येतो, पिकला ५० न्यूटन-मीटर, तो या शाफ्टला फार नाही. मागच्या चेनवर त्याने सुमारे १७५० न्यूटनचा ओढा येतो. ४२८ ची चांगली चेन तुटायला त्याच्या दहापट लागते, तेव्हा मोठ्या चेनच्या मागे लागू नका.

सॉकेट शाफ्टवर चावीने (दोघांच्या खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) बसवा, चावीचा गाळा व्यवस्थित पाडून. नुसत्या ग्रब स्क्रूवर (बाजूने शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) विश्वास ठेवू नका, मोटर शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क देते आणि तो स्क्रू दोन दिवसांत गोल खाच पाडून मोकळा होतो. आणि सॉकेटला बुश वेल्ड करणार असाल तर वेल्डिंगनंतर ते परत लेथवर लावून फिरवून बघा. उष्णतेने चकती वाकते, मग चेन एका फेऱ्यात घट्ट, सैल, परत घट्ट होते, आणि कितीही अ‍ॅडजस्ट केली तरी जमत नाही.

पहिल्या टप्प्याच्या चेनची लांबी आधी काढून मगच मोटरची प्लेट कापा. १४ आणि २८ च्या केंद्रांमध्ये समजा १६ कड्यांचं अंतर, म्हणजे २०३ मिलिमीटर ठेवलं. दुप्पट अंतर ३२, त्यात दोन्ही दात्यांच्या बेरजेचं अर्धं २१, आणि सॉकेट लहान-मोठी असल्याबद्दल ०.३, एकूण ५३.३ कड्या. कड्या समसंख्येत हव्यात, म्हणून ५४ घ्या आणि मोटर ४ ते ५ मिलिमीटर दूर बसवा. विषम कड्या जुळवायला अर्धी वाकडी कडी मिळते, ती लावू नका, चेन तुटते ती तिथेच. प्लेटला लांबट गाळे ठेवा, म्हणजे चेन वाढली की मोटर सरकवता येईल.

पहिल्या टप्प्याला चेनऐवजी ८ एमचा टायमिंग बेल्ट (८ मिलिमीटरवर दाते असलेला पट्टा) लावला तर आवाज निम्म्याहून कमी होतो. शहरात फिरणाऱ्या गाडीला मी तोच सुचवतो. पण बेल्टला पूर्ण बंद कव्हर लागतं. एक बारीक खडा आत शिरला तरी बेल्ट गेला, आणि रस्त्याच्या कडेला तो जोडता येत नाही. तुमच्या रस्त्यावर पालखी मार्गाची कामं आणि धूळ असते, तेव्हा तुम्ही चेनच ठेवा.

अजून एक, खास इलेक्ट्रिक गाडीचं. तुम्ही ढिली चेन ओढायला खाली स्प्रिंगचा टेन्शनर लावलाय असं फोटोत दिसतंय. तो काढा. पेट्रोल गाडीत जोर नेहमी वरच्या बाजूवर असतो, तुमच्या गाडीत रीजन ब्रेक (मोटरनेच गाडी रोखून बॅटरी भरणारा) चालू आहे. थ्रॉटल सोडला की चाक मोटरला ओढतं आणि चेनची खालची बाजू ताठ होते. तो सगळा ओढा टेन्शनरच्या रोलरवर येतो. घाट उतरताना सकाळी रोज हेच होत असणार. ताण चाकाच्या अ‍ॅडजस्टरनेच ठेवा, मधोमध बोटाने दाबून २० ते ३० मिलिमीटर ढिली. रीजनही सुरुवातीला कमीत कमी ठेवा आणि कंट्रोलरमध्ये थ्रॉटलचा चढ जरा मऊ करा, कप रबर जास्त टिकतील.

५ किलोवॉटच्या मोटरबद्दल. ती लावली तर १४-४२ वरही घाट चढेल, खोटं कशाला बोलू. पण मोठी मोटर, मोठा कंट्रोलर, तेवढा करंट देणारी बॅटरी, आणि शेवटी ती मोटरही कमी फेऱ्यांवर गुदमरत चालणार. तीन सॉकेटांनी होणाऱ्या कामाला एवढा पैसा कशाला घालायचा? सॉकेट लावून संध्याकाळी घाट चढा, वर पोचल्यावर कंट्रोलरच्या अ‍ॅपमध्ये मोटरचं तापमान बघा. सेन्सर नसेल तर वाइंडिंगजवळ एक बसवून घ्या. १०० अंशांच्या आत असेल तर २८ कायम करा. ११० च्या पुढे जात असेल तर ३० लावा. ८० च्या खाली राहत असेल आणि हायवेला वेग कमी वाटत असेल तर २६.

आणि हे सगळं करण्याआधी कागद बघा. इंजिन काढून मोटर बसवणं हा वाहनातला मूळ बदल आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. त्यासाठी एआयएस-१२३ या वाहन मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे मंजूर झालेलं किट आणि आरसीवर आरटीओची नोंद लागते. घरच्या घरी केलेल्या गाडीला ते मिळत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. तुम्ही रोज हायवेला मागे माणूस बसवून जाता म्हणून लिहिलं.

मोटरच्या शाफ्टचा व्यास आणि चावीचं माप कळवा, २८ च्या सॉकेटचं ड्रॉइंग देतो. टर्नरला ते दाखवलं की तो बोअर बरोबर पाडेल.